विद्यापीठातले तास: शिकवतात कसं, आणि आपण काय करायचं

शाळेत शिक्षक धडा शिकवतात, नाही कळलं तर पुन्हा समजावतात, उत्तरं लिहून घेतात, वह्या तपासतात आणि परीक्षेआधी उजळणीही करून घेतात. विद्यापीठात यातली पहिली गोष्ट होते. बाकीच्या सगळ्या तुमच्यावर सोडलेल्या असतात, आणि त्या सोडल्या आहेत हे कुणी मुद्दाम सांगत नाही. पहिल्या सत्रात नव्या विद्यार्थ्यांची जी तारांबळ उडते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. विषय अवघड असणं वगैरे कारणं नंतरची.

दुसरी अडचण जरा फसवी आहे. चांगलं लेक्चर ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. ते वाटणं खरं आहे की खोटं, हे वर्गात बसून कळत नाही. खाली जे सांगितलंय त्यातलं निम्मंअधिक या एकाच गोष्टीवर उपाय म्हणून आहे.

पहिलं काम: तासांचा खरा हिशेब

वेळापत्रकात आठवड्याचे पंधरा-सोळाच तास दिसले की हायसं वाटतं. उरलेला वेळ आपला! पण तो वेळ आधीच मोजून ठेवलेला असतो. युरोपातली बहुतेक विद्यापीठं ज्या क्रेडिट पद्धतीने चालतात, तिच्यात पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. वर्गात बसणं, वाचन, गणितं, लेखन, परीक्षेची तयारी, सगळं त्यात आलं. अमेरिकेतली मांडणी वेगळी, हिशेब तोच: एका क्रेडिटसाठी आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर किमान दोन, असं सुमारे पंधरा आठवडे. तुमच्याकडे क्रेडिटचा आकडा वेगळा असेल, पण वर्गातल्या तासापेक्षा बाहेरचे तास जास्त, हे बहुतेक ठिकाणी सारखंच.

म्हणून वेळापत्रक हातात पडलं की प्रत्येक लेक्चरसाठी त्याच विषयाचे आणखी दोन तास आठवड्यात कुठे बसतात ते शोधा आणि लिहून टाका. ‘संध्याकाळी बघू’ असं लिहून काही होत नाही. ‘मंगळवार, चार ते सहा, संख्याशास्त्र’ असं लिहा. नोकरी करून शिकणाऱ्यांनी तर हे विषय निवडण्याआधीच करावं. सहा विषय घेऊन त्यातले दोन अर्धवट सोडण्यापेक्षा चार घेतलेले बरे.

दुसरं काम: विषयाचं माहितीपत्रक नीट वाचणं

प्रत्येक विषयाचं दोन-चार पानी माहितीपत्रक सत्राच्या सुरुवातीला मिळतं किंवा पोर्टलवर टाकलेलं असतं. बहुतेक जण ते उघडतात, किती गुण कशाला ते बघतात आणि बंद करतात. त्यात आणखी बरंच असतं: कोणत्या आठवड्यात कोणता भाग, सक्तीचं वाचन कोणतं आणि ऐच्छिक कोणतं, काम उशिरा दिलं तर गुण किती कापणार, हजेरी मोजतात का, विषय बदलायची किंवा सोडायची शेवटची तारीख. ही शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांतच येऊन जाते. ती टळली की विषय गळ्यात पडतो.

‘या विषयाअखेर विद्यार्थी काय करू शकेल’ अशी एक यादीही असते. ती कंटाळवाणी दिसते, पण तिच्यातली क्रियापदं बघा. ‘सांगू शकेल’, ‘तुलना करू शकेल’, ‘निवड करून तिचं समर्थन करू शकेल’. परीक्षेतले प्रश्न सहसा याच क्रियापदांतून येतात. ‘तुलना’ लिहिलेलं असताना दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाठ करून गेलात तर प्रश्न ओळखीचा वाटेल आणि उत्तर येणार नाही.

मग सगळ्या विषयांच्या तारखा एका कागदावर उतरवा. सातव्या-आठव्या आठवड्यात तीन विषयांची कामं एकदम अंगावर येणार आहेत, हे तिथे आधीच दिसतं. प्रत्येक प्राध्यापकाला आपल्या विषयाच्या तारखा ठाऊक असतात. तुमचा अख्खा आठवडा एकत्र बघणारं तिथे कुणी नसतं.

जाता जाता वेळेची एक गंमत. जर्मनीत आणि उत्तर युरोपातल्या अनेक विद्यापीठांत दहाचं लेक्चर सव्वादहाला सुरू व्हायची जुनी पद्धत आहे. जर्मन वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी. टी.’ ही लॅटिन आद्याक्षरं असली की पाव तासाची सवलत, ‘एस. टी.’ असली की ठोक्याला सुरुवात. नव्या जागी असे अलिखित नियम वरच्या वर्गातल्या कुणाला तरी विचारूनच कळतात.

लेक्चर: समोर काय चाललंय ते आधी ओळखा

शंभर-दोनशे, कधी त्याहून जास्त विद्यार्थी, आणि एक माणूस पन्नास मिनिटं ते दोन तास बोलतोय. ही पद्धत छापखान्याच्याही आधीची. इटलीतलं बोलोन्याचं विद्यापीठ १०८८ सालचं मानतात. त्या काळात पुस्तक हाताने उतरवून काढावं लागे, म्हणून ते फार महाग. शिक्षक ग्रंथ वाचून दाखवायचा, त्यावर भाष्य करायचा आणि विद्यार्थी उतरवून घ्यायचे. पुढे पुस्तकं स्वस्त झाली तरी लेक्चर टिकलं. एक माणूस तीनशे जणांना एकदम शिकवू शकतो, ही सोय त्यामागे आहेच. पण चांगलं लेक्चर पुस्तकाला न जमणारं काहीतरी करतं: चाळीस पानांतली नेमकी कोणती चार महत्त्वाची, जाणकारांचं कुठे पटत नाही, आणि गणित अडलं की जाणता माणूस पुढचं पाऊल कसं शोधतो, हे त्यात दिसतं. हे टिपायला जा. माहिती पुस्तकात मिळेल.

आता ते समजल्यासारखं वाटणं. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांची गोष्ट या बाबतीत पुन्हा पुन्हा सांगितली जाते. त्यांची लेक्चर्स विद्यार्थ्यांना आवडायची, मुलं लांबलचक गणितंही सोडवायची. मग त्यांनी बलाविषयीचे साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले. त्या धर्तीचा एक प्रश्न बघा: जड ट्रक आणि लहान गाडी समोरासमोर धडकली, कोण कोणावर जास्त बल लावतं? न्यूटनचा तिसरा नियम वर्गातल्या प्रत्येकाला तोंडपाठ. दोन्ही बलं सारखी, हे उत्तर त्या नियमातच बसलंय. तरी ‘ट्रक जास्त’ असं वाटणारे पुष्कळ निघतात. माझूर यांच्या एका विद्यार्थिनीने तर विचारलं होतं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी द्यायची, की मला एरवी वाटतं तशी? १९९१ पासून त्यांनी शिकवण्याची रीत बदलली. थोडं बोलायचं, प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर नोंदवायचं.

आज अनेक विद्यापीठांत असे तास भेटतात: हातात क्लिकर (बटण दाबून उत्तर नोंदवायचं छोटं यंत्र) किंवा फोनवर मतदान, आणि मग ‘शेजाऱ्याला पटवून द्या’. काही विषयांत लेक्चरचा व्हिडिओ घरी बघून यायचा असतो आणि वर्गात फक्त गणितं सोडवायची असतात. नव्या विद्यार्थ्यांची यावर ठरलेली कुरकुर असते, की सर शिकवतच नाहीत, सगळं आमच्याकडूनच करून घेतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डमधल्याच एका प्रयोगात ही कुरकुर मोजली गेली. भौतिकशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांना एक भाग घोटून तयार केलेल्या लेक्चरमधून शिकवला, बाकीच्यांना तोच भाग गटात गणितं सोडवून, आणि पुढच्या भागाला अदलाबदल केली. गटात झगडलेल्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण ‘आपण जास्त शिकलो’ असं लेक्चर ऐकणाऱ्यांनाच वाटलं. त्याआधी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातले २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले होते. निव्वळ लेक्चरच्या वर्गांत नापास होणारे सरासरी ३३.८ टक्के, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. तेव्हा पुढच्या वेळी ‘दोन मिनिटं आपापसांत बोला’ असं सांगितलं की फोन बाहेर काढू नका. त्या तासातली सगळ्यात मोलाची दोन मिनिटं तीच असतात.

लेक्चरच्या आधी, चालू असताना, आणि त्याच दिवशी

आधी: पंधरा मिनिटं पुरतात. त्या आठवड्याच्या भागाचे मथळे, आकृत्या आणि ठळक अक्षरांतले शब्द चाळायचे. कळलं नाही तरी चालेल. अनोळखी शब्द तासात पहिल्यांदाच कानावर पडला की त्याचं स्पेलिंग लिहिण्यात पुढची दोन वाक्यं निसटतात. तेवढं टळलं तरी पुष्कळ.

चालू असताना: स्लाइड्स पोर्टलवर येणारच असतील तर त्या उतरवू नका. स्लाइडवर नसलेलं लिहा. तोंडी दिलेलं उदाहरण, ‘इथे बरेच जण चुकतात’ असं म्हणून दाखवलेली जागा, फळ्यावर खडूने काढलेली पायरी. जिथे धागा सुटला तिथे समासात मोठं प्रश्नचिन्ह टाकून पुढे ऐकत राहा. सुटलेल्या जागी अडून बसलात तर उरलेला तासही जातो.

वही की लॅपटॉप, यावर दोन्हीकडून हिरिरीने बोललं जातं. हाताने लिहिणाऱ्यांना संकल्पना जास्त चांगल्या समजतात असं २०१४ सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं होतं. पुढे तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तितका फरक निघाला नाही. माझं मत विचाराल तर साधन कोणतंही चालेल, त्या पडद्यावर दुसरं काही उघडं नसलं म्हणजे झालं. २०१३ सालच्या एका प्रयोगात वर्गात लॅपटॉपवर भलतंच करणाऱ्यांचे गुण घसरले, हे अपेक्षितच होतं. पण ज्यांना तो पडदा दिसत होता त्यांचेही घसरले. म्हणजे बसायची जागाही विचार करून निवडा. पुढच्या तीन-चार रांगांत बसलं की समोर फक्त फळा उरतो.

त्याच दिवशी: ही पायरी सगळ्यात जास्त जण गाळतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त फायदा हिचाच. वही बंद करायची, कोरा कागद घ्यायचा आणि दहा मिनिटांत तासात काय झालं ते आठवून लिहायचं. समजा प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) शिकवलं असेल, तर कागद साधारण असा दिसेल:

‘प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब ते काढायचं. अंतरांची नुसती बेरीज शून्य येते, अधिक-उणे एकमेकांना खातात. म्हणून वर्ग करायचे. वर्गांची सरासरी, मग वर्गमूळ, म्हणजे एकक पुन्हा मूळचं. भागायचं कशाने? एकूण आकडे, की त्यातून एक वजा करून? नमुना असेल तर एक वजा, असं काहीतरी म्हणाले. का?’

शेवटचा तो ‘का?’ म्हणजे या दहा मिनिटांची कमाई. वही उघडी ठेवून वाचली असती तर ‘नमुन्यासाठी एक वजा’ ही ओळ डोळ्यांखालून सुखाने गेली असती आणि ती आपल्याला कळलेली नाही हे परीक्षेत कळलं असतं. आता तो प्रश्न लेखी आहे. पुस्तकात सापडला तर ठीक, नाहीतर ट्युटोरियलमध्ये विचारायचा.

आठवून लिहिणं पुन्हा वाचण्यापेक्षा जड जातं, आणि म्हणूनच ते टिकतं. २००६ साली अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा दुसऱ्यांदा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के भाग आठवत होता, वाचणाऱ्यांना ४२.

रेकॉर्डिंगबद्दल एवढंच: आजारपणात ते उपयोगी पडतं. ‘नंतर बघू’ म्हणून साठवलेलं रेकॉर्डिंग सत्राच्या शेवटच्या आठवड्यात दीडपट वेगाने बघणाऱ्यांची काय गत होते, ते कुठल्याही ग्रंथालयात डिसेंबरात किंवा मेमध्ये जाऊन पाहा.

ट्युटोरियल: हात हलवत जाऊ नका

इथे पंधरा-वीस जण असतात, क्वचित त्याहून कमी. शिकवायला बहुतेक वेळा पीएचडी करणारा वरचा विद्यार्थी किंवा साहाय्यक प्राध्यापक असतो. लेक्चरचा भाग पुन्हा शिकवणं हे त्याचं काम नाही. आधी दिलेला गणितांचा किंवा प्रश्नांचा कागद तुम्ही सोडवून आणलाय असं धरून तो चालतो. कोरा कागद घेऊन गेलात तर फळ्यावरचं उत्तर सुबक अक्षरात उतरवून घ्याल आणि पुन्हा तेच होईल: समजलंय असं वाटेल.

कागद पूर्ण सुटायला हवा असं मुळीच नाही. प्रत्येक प्रश्नावर वीस-पंचवीस मिनिटं खरोखर झटा. अडलं की जिथे अडलं तिथे रेघ मारून शेजारी लिहा, ‘इथपर्यंत आलो, पुढे हे वापरता येईल का?’ मग वर्गात ‘मला तिसरं गणित आलं नाही’ असं सांगण्याची वेळ येत नाही. ‘तिसऱ्या गणितात दुसऱ्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर येताना चिन्ह का बदललं?’ असं विचारता येतं. पहिल्यावर तो सगळं गणित पहिल्यापासून करून दाखवेल, दुसऱ्यावर अर्ध्या मिनिटात नेमकं उत्तर मिळेल. आणि हो, तुम्हाला पडलेला प्रश्न वर्गातल्या चौघा-पाचांना तरी पडलेला असतो. ते फक्त तुमची वाट बघत असतात.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये हाच प्रकार टोकाला नेलेला आहे. तिथे एका शिक्षकासमोर एक ते तीनच विद्यार्थी असतात आणि आठवड्याला लिहून आणलेल्या निबंधावर किंवा सोडवलेल्या गणितांवर तासभर उलटतपासणी चालते. तिथे लपायला मागचा बाकच नसतो.

सेमिनार: वाचून गेलात तरच तास तुमचा

एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांत ही पद्धत रुजली. टेबलाभोवती थोडे विद्यार्थी, मध्ये मूळ कागदपत्रं, आणि ‘हा कागद विश्वासार्ह कशावरून?’ असले प्रश्न. आजही सामाजिक शास्त्रं, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांचे वरच्या वर्षांचे बरेच तास असेच चालतात. प्राध्यापक कमी बोलतात. कधी कधी इतकं कमी, की नव्या मुलांना ते तयारी न करता आलेत असं वाटतं. प्रत्यक्षात चर्चा कुठे न्यायची हे त्यांनी ठरवलेलं असतं, आणि तुम्ही बोलावं म्हणून ते मुद्दाम गप्प असतात.

वाचनयादी बघून पोटात गोळा येतो. सगळं वाचणं अपेक्षित आहे का? पुष्कळदा नाही, पण हे गृहीत धरू नका, पहिल्याच तासाला विचारा: या आठवड्याचं आवश्यक वाचन कोणतं? तीस पानी लेख कादंबरीसारखा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचू नका. आधी सारांश, मग प्रस्तावना, मग थेट निष्कर्ष. लेखकाला म्हणायचंय काय हे कळलं की मधला भाग वाचताना आपण त्याचे पुरावे तपासत असतो. शेवटी वहीत तीन ओळी लिहा: दावा काय, आधार काय, मला कुठे पटलं नाही. तिसरी ओळ पान क्रमांकासह लिहा.

ती तिसरी ओळ म्हणजेच बोलायची तयारी. ‘चौदाव्या पानावर लेखिका शहरांतली आकडेवारी देते आणि निष्कर्ष सगळ्या देशाचा काढते, हे चालतं का?’ एवढं बोललात तरी चर्चा वीस मिनिटं चालते. भाषेची भीती वाटत असेल तर हे वाक्य आधी लिहून न्या आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच बोलून टाका. जसजसा तास पुढे जातो तसतसं तोंड उघडणं अवघड होत जातं, हे कुठल्याही अबोल माणसाला विचारा. दुसऱ्याचं मत खोडणं म्हणजे त्याचा अपमान नव्हे, आणि तुमचं मत खोडलं गेलं तर तोही तुमचा अपमान नव्हे. ही गोष्ट अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो. वयाने मोठ्यांशी, त्यातही शिक्षकांशी, वाद न घालण्याची सवय असलेल्यांना जास्तच.

कायद्याच्या आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत याचाच कडक अवतार भेटू शकतो. हार्वर्डच्या कायदा शाळेत १८७० च्या दशकात क्रिस्टोफर लँगडेल यांनी खटल्यांवरून शिकवणं सुरू केलं. शिक्षक कुणाचंही नाव पुकारतो, खटला सांगायला लावतो आणि मग तपशील बदलत बदलत प्रश्न विचारत राहतो. उत्तर चुकणं तिथे रोजचंच आहे. न वाचता येणं मात्र लगेच उघडं पडतं.

प्रॅक्टिकल: वही खरी ठेवा

विद्यार्थ्यांनी स्वतः प्रयोग करून रसायनशास्त्र शिकायचं, ही पद्धत जर्मनीत गीसेनच्या विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी रूढ केली. ते तिथे १८२४ साली रुजू झाले होते. दोनशे वर्षं झाली, तरी प्रयोगशाळेत पाककृती वाचल्यासारखं पत्रक वाचत पायऱ्या उरकणारे कमी झालेले नाहीत. जाण्याआधी एवढं स्वतःला विचारा: आज मोजायचं काय, कशाने, आणि उत्तर साधारण किती यायला हवं? तिसऱ्याचं उत्तर माहीत असेल तर दशांश चिन्ह सरकलेलं तिथल्या तिथे लक्षात येतं.

उपकरणावर दिसलेला आकडा थेट वहीत, पेनाने. चुकलं तर एक आडवी रेघ, खाली वाचता येईल अशी. खाडाखोड केलेली वही चालते. नंतर घरी सुवाच्य अक्षरात ‘दुरुस्त’ केलेले आकडे चालत नाहीत. उत्तर पुस्तकातल्यासारखं आलं नाही म्हणून आकडे वळवणं हा तर सरळ गैरप्रकार आहे, आणि जुन्या शिक्षकांच्या तो सहज लक्षात येतो.

उत्तर वेगळं आलं तर गुण कुठे असतात ते बघा. एक मीटरच्या लंबकाने गुरुत्वीय त्वरण काढलं आणि ९.८ च्या जागी ९.६ आलं. ‘मानवी चुकीमुळे फरक पडला’ या वाक्याला शून्य. आता हे वाचा: ‘२० आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागले. स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे धरले तर वेळेत अर्धा टक्का, म्हणजे त्वरणात एक टक्का फरक पडेल. एवढ्याने हा फरक भरून निघत नाही. दोऱ्याची लांबी मात्र गोळ्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजली होती, मध्यापर्यंत मोजायला हवी होती. गोळ्याची त्रिज्या २ सेंटिमीटर. म्हणजे लांबी दोन टक्के कमी धरली, आणि त्वरणही दोन टक्के कमी आलं.’ प्रयोग ‘चुकला’, आणि तरी वर्गातली सगळ्यात चांगली नोंद हीच.

गटात करायचं काम

यात भांडणं होतात. पहिल्याच भेटीत कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत, हे सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लिहून ठेवा. शेवटची तारीख खऱ्या तारखेच्या तीन दिवस आधीची धरा. एखादा सदस्य गायबच झाला तर काम द्यायच्या आदल्या रात्री तक्रार करून उपयोग नसतो. दुसऱ्याच आठवड्यात शिक्षकांच्या कानावर घाला.

प्राध्यापकांना भेटायचं कसं

आठवड्यातला एखादा तास प्राध्यापक विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात. तो पत्रकावर छापलेला असतो आणि परीक्षेचा आठवडा सोडला तर बहुतेक रिकामाच जातो. तिथे जायला हुशार असावं लागत नाही की नापासही व्हावं लागत नाही. एक प्रश्न आणि त्यावर तुम्ही केलेला प्रयत्न, एवढं हातात असावं. तपासून आलेला पेपर घेऊन ‘हे उत्तर आणखी चांगलं कसं झालं असतं?’ असं विचारलेलं चालतं. ‘दोन गुण वाढवून द्या’ म्हणायला गेलात तर पुढचा संवाद कोरडा होतो.

ईमेल लहान ठेवा. विषयाच्या ओळीत अभ्यासक्रमाचं नाव, मजकुरात आपलं नाव, गट आणि एकच प्रश्न. जे पत्रकात लिहिलेलं आहे ते विचारू नका. संबोधन कसं करायचं हे ठिकाणावर अवलंबून आहे. काही देशांत पहिल्या नावाने हाक मारतात, काही ठिकाणी पदवीचा उल्लेख केला नाही तर उद्धटपणा वाटतो. पहिलं पत्र औपचारिकच लिहावं. उत्तराखाली ते स्वतः सही कशी करतात ते बघून पुढचं ठरवावं.

लेखी काम आणि उसनवारी

दुसऱ्याचं वाक्य अवतरणचिन्हांत, दुसऱ्याचा विचार स्वतःच्या शब्दांत, आणि दोन्हीला संदर्भ. वाक्यातले चार शब्द बदलून संदर्भ न देता वापरलं तर तीही चोरीच धरतात. हेतू काय होता हे सहसा विचारलं जात नाही. ‘आमच्याकडे असंच चालायचं’ हे कारण तर कुठेच चालत नाही. आधीच्या विषयात दिलेलं स्वतःचंच काम पुन्हा देणंही बऱ्याच ठिकाणी नियमात बसत नाही. मित्राबरोबर चर्चा करून स्वतंत्र लिहिणं आणि एकत्र बसून एकच उत्तर लिहिणं, यांतली रेघ विषयागणिक बदलते. कामाच्या सूचनेत ती दिलेली नसेल तर विचारून घ्या.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचंही तसंच. एका विषयात परवानगी, दुसऱ्यात फक्त भाषा सुधारण्यापुरती, तिसऱ्यात पूर्ण बंदी, असं एकाच विद्यापीठात असू शकतं. परवानगी असली तरी एक गोष्ट ध्यानात घ्या: उत्तर यंत्राने दिलं की ते वाचताना पुन्हा तेच होतं, समजल्यासारखं वाटतं. आधी स्वतः लिहा, मग त्याच्याकडून चुका काढून घ्या. त्याने दिलेले संदर्भ मात्र एकेक उघडून बघा, कारण त्यातले काही अस्तित्वातच नसतात.

मागे पडलात तर

आजारपण येतं, घरी काही होतं, दोन आठवडे बुडतात. अशा वेळी बहुतेक जण जिथे सुटलं तिथून सुरुवात करतात. तिसरा आठवडा भरून काढेपर्यंत सहावा येतो, आणि चालू लेक्चर न कळल्यामुळे तेही बुडायला लागतं. उलटं करा. चालू आठवड्यापासून धरा: उद्याच्या लेक्चरची पंधरा मिनिटं, उद्याच्याच तासानंतरचा कोरा कागद. जुन्यातलं जेवढं आजच्या भागासाठी लागतं तेवढंच मागे जाऊन बघा. उरलेलं शनिवार-रविवारी, एकेका आठवड्याचा गणितांचा कागद घेऊन. एखाद्या कामाची तारीख गाठता येणार नाही असं दिसलं तर मुदत मागा, पण तारखेच्या आधी. आदल्या दिवशी आलेल्या विनंतीचा विचार होतो. दुसऱ्या दिवशी आलेल्या विनंतीवर दंडाचा नियम लागतो, आणि तो माहितीपत्रकात लिहिलेला असतो.